आकडा वाढवला की आवाज बसतो

पेशंट खुर्चीत बसलेला आहे. त्याच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटं यंत्र आहे. त्यातून निघालेली बारीक वायर मानेत वर जाते आणि मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला वेलीसारखी वेढून बसते. डॉक्टर छातीवर प्रोग्रामर, म्हणजे बाहेरून यंत्र जुळवायचं उपकरण, धरतात, प्रवाह पाव मिलीअँपिअरने वाढवतात आणि म्हणतात, "एक ते दहा आकडे म्हणा बरं." चार-पाचपर्यंत ठीक. मग आवाज घोगरा होतो, खोकल्याची उबळ येते. डॉक्टर थांबतात, पाणी देतात, विचारतात, "घरी गेल्यावर एवढं सोसवेल का?"

नसांना वीज देऊन आजार बरा करण्याच्या शास्त्रात जो तरुण आज पीएचडी करतो आहे, त्याने या खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायला हवं. बहुतेक वेळा तो तिथे नसतो. तो प्रयोगशाळेत उंदराच्या नसेवर इलेक्ट्रोड बसवत असतो, आणि त्या कामात खरोखर तरबेज असतो. पण उंदीर बेशुद्ध असतो. आवाज बसला, रात्री खोकल्याने जाग आली, हे त्याच्याकडून कधीच कळत नाही.

आवाज का बसतो? स्वरयंत्राकडे जाणारी नस ही व्हेगसचीच फांदी आहे. व्हेगसमध्ये तंतूंचा जुडगा असतो, काही जाड, काही बारीक. बाहेरून वीज दिली की जाड तंतू आधी जागे होतात, कारण त्यांना कमी प्रवाह पुरतो. स्वरयंत्राचे तंतू जाड आहेत. हृदयाकडे जाणारे त्यांच्यापेक्षा बारीक. म्हणजे हृदयापर्यंत पोहोचायचं तर वाटेत घशाला त्रास देऊनच जावं लागतं, आणि माणूस "बस" म्हणतो तो बहुधा त्याच टप्प्यावर.

ही गोष्ट कागदावर साधी वाटते, पण तिची किंमत मोठी होती. हृदय कमकुवत झालेल्या प्राण्यांमध्ये व्हेगसला वीज दिल्यावर सुधारणा दिसली होती. मग माणसांवर चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेक्टार-एचएफ या चाचणीत हृदयाच्या आकारात अपेक्षित फरक पडला नाही. २०१६ मध्ये इनोव्हेट-एचएफचे निकाल आले. सातशेहून अधिक पेशंट होते, तरी मृत्यू किंवा हृदयविकाराचं बळावणं कमी झालं नाही. नेक्टारमध्ये लोकांना सोसवलेला प्रवाह प्राण्यांना दिलेल्या मात्रेपेक्षा कमी होता. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते. इथे मात्रा म्हणजे प्रवाह किती, विजेचा प्रत्येक ठोका किती रुंद, सेकंदाला किती ठोके, किती वेळ चालू आणि किती वेळ बंद. माझ्या मते तरुण संशोधकांना सगळ्यात आधी शिकवायचं ते हेच: यंत्र बसवलं म्हणजे औषध दिलं असं होत नाही.

दुसरी अडचण चाचणीच्या रचनेतच असते. तुलनेसाठी दिलेली खोटी गोळी खऱ्या गोळीसारखी दिसू शकते, पण मानेत मुंग्या आल्या की पेशंटला कळतं, आपलं यंत्र चालू आहे. मग "बरं वाटतंय" यातलं विजेचं किती आणि आशेचं किती, हे वेगळं काढणं कठीण जातं. हे काम संख्याशास्त्रज्ञाकडे सोपवून भागत नाही. चाचणी आखणाऱ्याला स्वतःला ते समजलेलं असावं लागतं.

म्हणून निराश व्हावं असं मात्र अजिबात नाही. अपस्माराच्या फिट्ससाठी व्हेगसच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने १९९७ मध्येच मान्यता दिली. मूत्राशयावरचा ताबा सुटलेल्यांसाठी माकडहाडाजवळच्या नसेचा उपचारही त्याच वर्षी मान्य झाला. झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठी जिभेच्या नसेचं यंत्र २०१४ मध्ये मान्य झालं. पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत मिळवण्यासाठी, व्यायाम चालू असतानाच व्हेगसला छोटे ठोके देण्याच्या पद्धतीला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आणि २०२५ मध्ये ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची पाळी आली. केविन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी व्हेगसला वीज दिल्यावर उंदरांमधला दाह आटोक्यात येतो, हे २००० साली दाखवलं होतं. उंदरापासून पेशंटपर्यंत यायला पाव शतक लागलं. एखाद्या संशोधकाची जवळजवळ अख्खी कारकीर्द.

या पाव शतकात काय काय करावं लागतं, हे पीएचडीच्या अभ्यासक्रमात क्वचितच असतं. इलेक्ट्रोडभोवती शरीर हळूहळू तंतुमय आवरण चढवतं आणि विजेला होणारा विरोध वाढतो. ठोक्यातला धन आणि ऋण भार समतोल ठेवला नाही तर धातू झिजतो आणि ऊतकाला इजा होते. नियामक संस्थेला कागदपत्रं कशी द्यायची, शल्यचिकित्सकाचा हात कुठे अडतो, एमआरआय करायची वेळ आली तर काय. स्टॅनफर्डच्या बायोडिझाइन कार्यक्रमात शोधाआधी गरज पाहायला लावतात. शिकणारे आधी रुग्णालयात नुसतं बघत, टिपत राहतात. युरोपच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतल्या औद्योगिक पीएचडीमध्ये निम्मा काळ विद्यापीठाबाहेर काढायचा असतो. या दोन्ही वाटा मला पटतात, कारण त्या माणसाला त्याच्या टेबलापासून उठवतात.

आणखी एक विषय शिकवायला हवा, तो म्हणजे मागे राहिलेल्यांचा. डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीने ते काम थांबवलं, आणि ज्यांच्या डोळ्यांत ती यंत्रं होती त्यांना दुरुस्ती मिळेना. सुटा भाग कोण देणार, हे पहिलं यंत्र बसवण्याआधी ठरायला हवं.

अपस्माराच्या कित्येक पेशंटच्या मनगटावर घड्याळासारखा एक चुंबक असतो. फिट येणार असं जाणवलं की तो छातीवरून फिरवायचा, म्हणजे ठोक्यांची एक जादा फेरी मिळते. कधी वेळेवर हात पोहोचतो, कधी घरातलं कोणी फिरवतं, कधी चुंबक नेमका दुसऱ्या खोलीत राहतो. हे कोणत्याही आलेखात दिसत नाही. त्या घरात तासभर बसून विचारलं, तरच कळतं.