रोज एक तास की चार?

सदाशिव आणि नारायण पेठेतल्या टायपिंग क्लासमध्ये आता टाइपरायटरऐवजी संगणक दिसतात. परीक्षाही संगणकावर होते, आणि ती घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यातच आहे. परीक्षा जवळ आली की मुलं विचारतात, रोज चार तास बसलो तर लवकर येईल का?

ब्रिटनच्या टपाल खात्यात पोस्टमनना कीबोर्ड शिकवताना हेच तपासलं गेलं. बॅडली आणि लाँगमन यांचा तो अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध झाला. एक गट रोज एकच तास सराव करायचा, दुसरा दोन-दोन तास दोनदा. पहिल्या गटाला जे 55 तासांत आलं, त्यासाठी दुसऱ्याला 80 तास लागले. तरीही सर्वांत नाराज होते ते रोज एक तासवाले! दिवस जास्त लागत असल्यामुळे आपण मागे पडतोय, असं त्यांना वाटायचं.

मला ही नाराजीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण शिकणाऱ्याला किती बरं वाटलं यावरच बरेचसे ऑनलाइन कोर्स जोखले जातात.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं चित्र उलटलं. त्यांना 42 टक्केच आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नव्या माणसाला व्हिडिओ दाखवतात, लगेच पर्यायी प्रश्न विचारतात आणि प्रमाणपत्र देतात. म्हणजे मोजतात ते पाच मिनिटांनंतरचं. खरं तर कोणाचा कोणता धडा कच्चा आहे आणि तो शेवटचा कधी विचारला, याची नोंद चाळीस जणांच्या वर्गात शिक्षकाला ठेवता येत नाही, संगणकाला सहज येते. सोमवारच्या धड्यावरचा प्रश्न त्यानं गुरुवारी, मग पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या धड्यांच्या प्रश्नांत मिसळून विचारावा. पर्यायांऐवजी रिकामी चौकट द्यावी. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर लगेच कारणासह दाखवावं, नाहीतर चुकीचंच डोक्यात बसायची भीती असते. आणि प्रमाणपत्र त्या शेवटच्या, उशिराच्या फेरीनंतरच द्यावं.