लेडव्हिल : काळी वाळू आणि दुकानदार नगराध्यक्ष

होरेस टेबर चांदीमुळे गब्बर झाला आणि पैशाच्या जोरावर लेडव्हिलचा पहिला नगराध्यक्ष झाला, असं सर्रास सांगितलं जातं. क्रम नेमका उलटा आहे. १८७८ च्या सुरुवातीला गावाने त्याला निवडलं तेव्हा तो पीठ, डुकराचं खारवलेलं मांस आणि फावडी विकणारा दुकानदार होता. घबाड हाती लागलं ते त्यानंतर काही महिन्यांनी.

कोलोरॅडोतलं हे गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ ३,१०० मीटर उंचीवर आहे. पाणी इथे ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कडधान्य शिजता शिजत नाही. १८६० च्या वसंतात आर्कान्सा नदीच्या उगमाकडच्या एका घळीत सोनं सापडलं. घळीला कॅलिफोर्निया गल्च म्हणू लागले, वस्तीला ओरो सिटी. सोनं काढायची रीत साधी होती. लांब लाकडी पन्हळीत गाळ टाकायचा, वरून पाणी सोडायचं. तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. हलकी वाळू वाहून जाते आणि जड सोनं पट्ट्यांआड बसतं.

इथे घोळ झाला तो एका काळ्या, जड वाळूमुळे. साधी वाळू पाण्याच्या सुमारे २.६ पट जड असते, ही साडेसहा पट. त्यामुळे ती वाहून न जाता पट्ट्यांआडच्या खाचा भरून टाकायची, आणि खाच भरली की बारीक सोनं वरून घसरत निघून जायचं. माणसं दिवसातून कितीदा तरी पन्हळ थांबवून ती खरवडत आणि शिव्या घालत बाजूला फेकत. पाणीही कायम अपुरं. काही वर्षांत सोनं आटलं, लोक पांगले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर विल्यम स्टीव्हन्स आणि अल्वायनस वुड यांनी जुना गाळ पुन्हा धुण्यासाठी लांबून पाट आणला. वुड धातूंचा जाणकार. त्याने फेकलेल्या वाळूची परीक्षा केली, तर ती निघाली सेरुसाइट, म्हणजे शिशाचं कार्बोनेट, आणि त्यात चांदी. दोघांनी गाजावाजा न करता आसपासच्या डोंगरावर हक्क नोंदवले.

गाव उभं राहायला या खनिजाचा एक गुण फार कामी आला. गंधकयुक्त खनिज आधी भाजून त्यातला गंधक उडवावा लागतो. कार्बोनेटला ती पायरीच नाही. लोणारी कोळसा, चुनखडी आणि लोहखनिज यांच्यासोबत ते थेट भट्टीत जातं. शिसं वितळून तळाला उतरतं आणि चांदी आपल्यात ओढून घेतं, उरलेली दगडमाती मळी होऊन वर तरंगते. चुनखडी-लोहाचं प्रमाण चुकलं तर मळी घट्ट होते आणि भट्टी तुंबते. १८७७ मध्ये सेंट लुईसच्या हॅरिसन यांच्या कंपनीने इथे भट्टी लावली. गावाचा मुख्य रस्ता आजही हॅरिसन अव्हेन्यू. तयार लगडी शुद्धीकरणासाठी पूर्वेकडे जात. कोळशासाठी आसपासचे डोंगर मात्र बोडके झाले.

टेबर मूळचा व्हर्माँटचा पाथरवट. तो आणि त्याची बायको ऑगस्टा १८६० मध्येच या घळीत आले होते. दुकान, टपाल आणि खानावळ यांचा भार बराचसा ऑगस्टाच्या अंगावर होता, हे टेबरच्या दंतकथांमधून हमखास गळतं. १८७७ मध्ये त्यांनी दुकान नव्या वस्तीत, म्हणजे लेडव्हिलमध्ये हलवलं. पत्र घ्यायला आणि उधारी मागायला प्रत्येक जण याच गल्ल्यावर येणार. निवडून यायला आणखी काय लागतं?

नगराध्यक्षपद सुखाचं नव्हतं. पहिल्या मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीस प्रमुखाला, गुंडांनी गावातून पिटाळलं, दुसऱ्याला त्याच्याच हाताखालच्या माणसाने गोळी घातली. मग टेबरने मार्ट डगन या दांडगट माणसाला नेमलं. डगनने एकदा दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या ऑगस्ट रिशेला आत टाकलं. टेबर सोडवायला गेला, तर डगनने ‘तुम्हालाही कोठडीत घालीन’ असं सुनावल्याचं सांगतात.

हा रिशे म्हणजे टेबरच्या नशिबाची किल्ली. १८७८ च्या वसंतात रिशे आणि जॉर्ज हुक हे दोघे शिधा मागायला आले होते. चालरीत अशी, की दुकानदाराने अन्न आणि हत्यारं उधार द्यायची आणि काही सापडलं तर ठरलेला वाटा घ्यायचा. इथे तो एक तृतीयांश होता. पहिला शिधा १७ डॉलरचा, पुढे आणखी थोडा. फ्रायर हिलवर त्यांनी खणलं आणि फार खोल न जाताच चांदी लागली : लिटल पिट्सबर्ग खाण. पुढच्याच वर्षी टेबरने आपला हिस्सा दहा लाख डॉलरला विकला आणि १,१७,००० डॉलरला मॅचलेस खाण घेतली.

२० नोव्हेंबर १८७९ ला त्याचं ऑपेरा हाउस उघडलं, शंभर दिवसांत बांधून. तेव्हा गावात रेल्वे नव्हती, ती १८८० मध्ये आली. बाहेरून आणायचं सामान बैल आणि खेचरांच्या गाड्यांतून घाट चढून आलं. १८८० च्या जनगणनेत गावात १४,८२० माणसं मोजली गेली. त्याच वर्षी खाणकामगारांनी दिवसाला चार डॉलर मागत संप केला. टेबर तेव्हा राज्याचा उपगव्हर्नर आणि खाणमालकही. तो संप मोडणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला.

वरचं कार्बोनेट संपत गेलं तसं खाली गंधकयुक्त खनिज लागलं. आता भाजणी आली, जस्ताचा त्रास आला, खर्च वाढला. त्यातच १८९३ मध्ये अमेरिकी सरकारने चांदीची ठरावीक खरेदी बंद केली आणि भाव कोसळला. सगळा पैसा खाणी आणि इमारतींत अडकवलेला टेबर त्यात बुडाला. १८९८ मध्ये त्याला डेन्व्हरच्या पोस्टमास्तरची नोकरी मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्याच पदावर असताना तो वारला.