आरानुई जलसफर (मार्केसास बेटे)

आरानुई जलसफर : पॅसिफिक महासागरातल्या, फ्रान्सच्या अखत्यारीतल्या फ्रेंच पॉलिनेशियात ताहिती बेटावरच्या पापेएते बंदरातून निघणारी, तुआमोतू आणि मार्केसास या दूरच्या द्वीपसमूहांना वळसा घालून परतणारी बोटफेरी. एका फेरीला साधारण 12 दिवस लागतात. ‘आरानुई’ म्हणजे मोठी वाट. पर्यटन कंपन्या हिला क्रूझ म्हणतात, पण बोटीच्या पुढच्या भागात क्रेन आणि मालाचे कोठार आहे, खोल्या मागे. सिमेंट, पीठ, बिअर, गॅसच्या टाक्या, फ्रीज, एखादी मोटार हे सगळे उतारूंच्या आधी चढते आणि बहुधा त्यांच्या आधी उतरतेही.

या सफरीची ख्याती तिच्या संथपणाची. तो संथपणा उतारूंच्या विश्रांतीसाठी कोणी आखलेला नाही. एका गावाचा माल उतरवायला जितका वेळ लागतो तितका वेळ बोट तिथे थांबते, आणि तेवढ्यात उतारूंनी गाव पाहायचे असते. पोहण्याचा तलाव, बार, व्याख्याने या सोयी आहेत, पण वेळापत्रक गोण्यांचे.

मार्केसास ताहितीच्या ईशान्येस सुमारे 1,400 किमी.वर आहेत. डझनभर बेटांपैकी नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका, हिवा ओआ, ताहुआता आणि फातू हिवा या सहांवरच वस्ती आहे. सगळी मिळून लोकसंख्या साडेनऊ हजारांच्या आसपास. पॉलिनेशिया म्हटले की निळे उथळ खाजण आणि त्याभोवती प्रवाळाचे कडे डोळ्यांपुढे येते. इथे ते जवळजवळ नाहीच. ज्वालामुखीचे काळे कडे थेट खोल समुद्रात उतरतात, लाटा अडवायला मध्ये काही नाही. किनारपट्टीला सपाटी नसल्याने गावे दऱ्यांच्या तोंडाशी वसलेली, आणि एका दरीतून शेजारच्या दरीत जायला डोंगर तरी चढायचा किंवा होडी तरी काढायची. घड्याळही वेगळे : ताहितीच्या अर्धा तास पुढे. भारताप्रमाणेच अर्ध्या तासाचा हिशेब असल्याने मुंबई आणि नुकू हिवा यांच्यात नेमके 15 तासांचे अंतर पडते. मुंबईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे त्याच दिवशीची पहाट, सहा वाजलेले.

ही सेवा ताहितीतल्या वाँग या चिनी वंशाच्या कुटुंबाने उभी केली. आधी ती निव्वळ मालाची होती. 1984 पासून पर्यटक घेतले जाऊ लागले. बोटी बदलत गेल्या. डिसेंबर 2015 मध्ये पहिल्या फेरीवर निघालेली आताची बोट ‘आरानुई 5’, लांबी 126 मी., खोल्या 103. तिच्या आधीची ‘आरानुई 3’. चौथी कधी झालीच नाही, कारण चिनी बोलीत ‘चार’ हा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चाराजवळ जातो. आरामासाठीच बांधलेल्या बोटीही या पाण्यात फिरतात, पण त्या आल्या नाहीत म्हणून एखाद्या गावातले पीठ संपत नाही.

बोट गावाजवळ आली की दिसणारे काम हाच या सफरीचा खरा भाग, असे म्हणायला हरकत नाही. मोठ्या गावांत धक्का आहे. जिथे नाही तिथे बोट खोल पाण्यात उभी राहते आणि माल-माणसे लहान होड्यांतून किनाऱ्याला जातात. होडी लाटेबरोबर दोन हात वर, दोन हात खाली होत असते. गोंदवलेल्या हातांचे दोन धिप्पाड खलाशी उतारूला दंडाला धरतात आणि लाट वर आली की ‘आता’ म्हणून पलीकडे सोडतात. संकोच करणाऱ्याला सरळ उचलतात. जुन्या कोकणबोटींच्या काळात पडावातून बंदरावर उतरलेल्या पिढीला हे वर्णन परके वाटणार नाही. उआ हुकाच्या वाइपाए गावाची खाडी इतकी अरुंद आणि वळणाची की समुद्रातून ती दिसतही नाही. बोट आत शिरते, जागच्या जागी फिरते, मग होड्यांतून नेलेले जाड दोर दोन्ही बाजूंच्या खडकांना बांधून तिला मधोमध ताणून धरले जाते. हे पाहायला उतारू पहाटेच कठड्याशी गर्दी करतात.

परतीचा माल मुख्यतः सुके खोबरे. जगभर रूढ झालेला ‘कोप्रा’ हा शब्द मलयाळममधून पोर्तुगीजांमार्फत युरोपीय भाषांत गेला. मराठी ‘खोबरे’ त्याच गोतावळ्यातले. नारळ फोडून, वाळवून, पोती भरून किनाऱ्यावर आणायची, बोटीवर वजन करून घ्यायचे, हा इथला रोख पैशाचा मार्ग. फ्रेंच पॉलिनेशियाचे सरकार अनुदान देऊन खोबऱ्याचा भाव जागतिक बाजारापेक्षा वर धरते. नाही तर दूरच्या बेटांवरची माणसे कधीच ताहितीला निघून गेली असती. पोत्यांबरोबर नोनीची पिंपे चढतात. नोनी म्हणजे आपल्याकडची बारतोंडी. खाण्यातही ओळखीच्या गोष्टी भेटतात. कोकण-गोव्यात काप करून तळतात तो नीरफणस मूळचा याच महासागरातला. मार्केसासवर तोच मुख्य अन्न होता : फळाचा गर जमिनीतल्या खड्ड्यांत पानांत गुंडाळून आंबवत ठेवायचा, दुष्काळाच्या वर्षी तो वर्षानुवर्षे पुरायचा. त्याला ‘मा’ म्हणतात, आणि ताज्या फळाबरोबर कुटून केलेल्या लगद्याला ‘पोपोई’. आंबट वास पहिल्यांदा खाणाऱ्याला मानवत नाही.

बेटांचा क्रम लक्षात ठेवायला तिथली जुनी कथा उपयोगी पडते. ओआतेआ देवाने बायकोला एका रात्रीत घर बांधून द्यायचे कबूल केले. उआ पोऊ या घराच्या मेढी झाल्या (‘पोऊ’ म्हणजे खांबच), हिवा ओआ आढे, नुकू हिवा वासे, फातू हिवा झावळ्यांचे छप्पर. उरलेला कचरा टाकायचा खड्डा म्हणजे उआ हुका, आणि काम संपता संपता उजाडले ते ताहुआता. उआ पोऊकडे समुद्रातून पाहिले की कथेचा उगम समजतो : सुमारे 1,200 मी. उंचीपर्यंत गेलेले दगडी सुळके, बहुतेक वेळा ढगांत बुडालेले. उआ हुका कथेत उकिरडा ठरली असली तरी तिचे लाकूडकाम नावाजलेले आहे, आणि चिलीहून 19व्या शतकात आणलेल्या घोड्यांची मोकाट पिलावळ तिच्या उघड्याबोडक्या माळांवर चरताना दिसते. फातू हिवावर ओमोआ ते हानावावे ही 17 किमी.ची डोंगरवाट चालून जायची सोय असते. बोट दरम्यान वळसा घालून पलीकडच्या उपसागरात येऊन थांबते. याच बेटावर तुतीच्या, नीरफणसाच्या आणि वडाच्या जातीच्या झाडांची साल ठोकून ‘तापा’ नावाचे कापड अजून करतात. ताहुआता आणि फातू हिवा यांना विमानतळ नाही. बोट हाच रस्ता.

1595 मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्या इथे आला आणि पेरूच्या व्हाइसरॉयच्या मानार्थ त्याने ‘मार्केसास’ हे नाव ठेवले. बेटवासी स्वतःच्या भूमीला ‘माणसांची भूमी’ म्हणतात : उत्तरेकडे हेनुआ एनाना, दक्षिणेकडे फेनुआ एनाता. त्या पहिल्याच भेटीत स्पॅनिश बंदुकांनी पुष्कळ माणसे मारली. 1842 मध्ये फ्रान्सने बेटे ताब्यात घेतली. बाहेरून आलेले रोग, बंदुका, दारू आणि अफू यांनी पुढच्या 80 वर्षांत असा कहर केला की 1920च्या दशकात जेमतेम 2,000 माणसे उरली होती. रिकाम्या दऱ्यांतून आजही झाडीत बुडालेले दगडी चौथरे दिसतात. उतारूंना ते ‘पुरातन अवशेष’ म्हणून दाखवले जातात, पण त्यांतले कित्येक चौथरे ओस पडून दीडशे वर्षेही झाली नसतील.

मिशनऱ्यांनी गोंदणे आणि नाच बंद पाडले. गोंदणाच्या नक्ष्या टिकल्या त्या बऱ्याच अंशी कार्ल फोन डेन स्टाइनेन या जर्मन संशोधकाने 1897-98 मध्ये केलेल्या नोंदींमुळे. आजचे गोंदणारे त्याच चित्रांवरून पुन्हा शिकले. पुनरुज्जीवनाला 1970च्या दशकाच्या अखेरीस जोर आला, आणि गमतीची गोष्ट म्हणजे त्यामागे एका कॅथलिक बिशपचाच हात होता. जुलै 2024 मध्ये ‘ते हेनुआ एनाता’ या नावाने बेटे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत, निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर, दाखल झाली. तो निर्णय झाला नवी दिल्लीत. आसामच्या चराइदेव मोईदामांची, म्हणजे आहोम राजघराण्याच्या दफनटेकड्यांची, नोंदही त्याच अधिवेशनातली.

हिवा ओआवरच्या अतुओना गावी सगळे उतारू एका टेकडीवरच्या दफनभूमीत जातात. तिथे चित्रकार पॉल गोगँ (1901 मध्ये आला, 1903 मध्ये वारला) आणि बेल्जियन गायक जाक ब्रेल (मृत्यू 1978, फ्रान्समध्ये) यांच्या कबरी आहेत. गोगँविषयी बेटावरचे मत बाहेरच्या जगाइतके भारावलेले नाही, कारण त्याने कोवळ्या वयाच्या मुली घरात ठेवल्या. ब्रेल मात्र आपल्या लहान विमानाने आजारी माणसे आणि टपाल ताहितीला नेत-आणत असे, म्हणून त्याचे नाव प्रेमाने घेतात. त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुआमाऊ येथे, फ्रेंच पॉलिनेशियातला सर्वांत मोठा दगडी ‘तिकी’, म्हणजे पूर्वजदेवतेची मूर्ती, उभा आहे. तिथवरचा रस्ता खडबडीत, आणि नोनो नावाच्या चावऱ्या बारीक माश्या नेमक्या सावलीत वाट पाहत असतात. खाजवले की जखम चिघळते.

जाता-येता बोट तुआमोतूतल्या एखाद्या कंकणद्वीपाशी थांबते, फाकारावा किंवा रांगिरोआ. समुद्रसपाटीपासून हातभर वर आलेली प्रवाळाची कडी, मध्ये खाजण. मार्केसासच्या कड्यांशी तुलना केली तर दुसऱ्याच जगातली. काही फेऱ्या माकातेआलाही जातात. 1908 ते 1966 या काळात तिथे फॉस्फेट खणले. खाण बंद झाली आणि भोके पडलेले पठार व गंजलेली यंत्रे मागे उरली. त्याच वर्षी तुआमोतूतल्याच मोरुरोआवर फ्रान्सने अणुचाचण्या सुरू केल्या. 1996 पर्यंत मोरुरोआ आणि फांगाताउफा मिळून त्यांची संख्या 193 झाली. या बेटांवर कुठलीच बोट सहलीला जात नाही.

शेवटचा थांबा बहुधा बोरा बोरा. तिथे उतरवायला विशेष माल नसतो, म्हणून हा दिवस निव्वळ पोहण्याचा. दुसऱ्या दिवशी पापेएतेत खोबऱ्याची पोती तेलगिरणीकडे जातात आणि कोठारात पुढच्या फेरीचे सिमेंट भरायला लागतात.