लाव्ह्यांच्या गाडीला नियम कुठला? थोडी पार्श्वभूमी

यवतकडे आमचा एक मित्र लाव्हे पाळतो, म्हणजे जपानी लाव्हे, हॉटेलवाले ज्याला बटेर म्हणतात ते. मागच्या उन्हाळ्यात त्याने सहज विचारलं की एका क्रेटमधे किती पक्षी भरले तर कायद्यात बसतं रे, पुण्यात गाडी आणताना कोणी अडवलं तर दाखवायला काहीतरी हवं. मी म्हटलं त्यात काय, बघून सांगतो. दोन रात्री गेल्या, आणि उत्तर मिळायच्या ऐवजी इतिहासच सापडत गेला, तो इथे टाकतोय.

आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदे आले ते मुळात रस्त्यावरच्या जनावरांसाठी. 1861 मधे कलकत्त्यात कोल्सवर्दी ग्रँट नावाच्या माणसाने पहिली संस्था काढली, 1874 मधे मुंबईत तशीच निघाली, 1890 मधे इंग्रजांचा देशभराचा कायदा आला. तेव्हा डोळ्यासमोर काय होतं तर जास्त ओझं ओढणारे बैल आणि टांग्याचे घोडे. कोंबडी तेव्हा टोपलीतून बाजारात यायची, तितर-लाव्हे फासेपारधी पकडून आणायचे, त्यांच्या प्रवासाचं कोणाला काय पडलेलं!

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या (हो, त्याच भरतनाट्यमवाल्या) आणि त्यांनी खाजगी विधेयक आणलं. नेहरू म्हणाले की सरकारच आणेल, तुम्ही मागे घ्या, आणि त्यातून 1960 चा कायदा झाला. यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, म्हणजे कोंबडी पण आली, लाव्हा पण आला. कलम 11 मधे गाडीतून विनाकारण त्रास होईल असं नेणं हा गुन्हा. पण दंड बघा, पहिल्यांदा सापडलात तर 10 ते 50 रुपये. 1960 ला ती रक्कम असेल मोठी, आज पन्नास रुपयात पुण्यात धड मिसळ येत नाही. आकडा तोच आहे अजून.

वाहतुकीचे वेगळे नियम आले 1978 मधे. त्यात कुत्री, मांजरं, गायीगुरं, घोडे, शेळ्यामेंढ्या आणि माकडं. माकडांना स्वतंत्र प्रकरण, कारण प्रयोगशाळांसाठी भारतातून माकडं परदेशी जायची, आणि गंमत म्हणजे ती निर्यात त्याच 1978 मधे बंद झाली! पक्ष्यांचं मात्र नावच नाही.

आणि नेमकं याच काळात कोंबडीचा धंदा बदलत होता. वेंकटेश्वरा हॅचरीज 1971 ची, अंड्यांची ती एनइसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) 1982 ची, दोन्हींची मुख्यालयं आज पुण्यातच. शेडमधे ब्रॉयलर वाढवायचे, रात्री लिफ्टिंग (म्हणजे पक्षी पकडून क्रेटमधे भरणं) करायचं, क्रेट भरून पहाटे गाडी शहरात, ही पद्धत आपल्या आजूबाजूच्या तालुक्यांत अशी रुळली की आता कोणाला ती नवी वाटत पण नाही. जपानी लाव्हा सुद्धा 1974 चा, बरेलीजवळ इज्जतनगरच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातून आणला. रानातले लाव्हे 1972 च्या वन्यजीव कायद्यात आले आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्ण बंद झाली, त्यामुळे आज हॉटेलात मिळतो तो (निदान कागदावर तरी) हा शेडमधलाच.

पक्ष्यांचं प्रकरण त्या 1978 च्या नियमात घुसलं ते थेट 2001 च्या दुरुस्तीत. वाचायला चांगलं आहे, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा, एका क्रेटमधे एकाच जातीचे आणि एकाच वयाचे पक्षी, नर-मादी वेगळे, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी, रस्त्याने नेताना क्रेटवर क्रेट ठेवायचा नाही. क्रेटवर क्रेट नाही! हायवेला पहाटे उभं राहून एक तरी अशी गाडी दाखवा मला. आणि सगळ्यात भारी म्हणजे तापमान 25 अंशांच्या वर किंवा 15 च्या खाली असेल तर पक्षी न्यायचेच नाहीत. पुण्यात एप्रिल-मे मधे दुपारी चाळिशी गाठते, जानेवारीत पहाटे दहा-बारा. म्हणजे कायदेशीर गाडी काढायची तर पावसाळ्यातल्या रात्री नाहीतर थंडीत सकाळी जरा ऊन पडल्यावर, बाकी वर्षभर घरी बसा. हेतू चुकीचा नाहीये, पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकून अंग गार करतो, आणि गच्च भरलेल्या क्रेटमधे दमट हवा साचली की ते पण जमत नाही, मरतूक होते ती तिथेच. गाडी चालू असते तोवर वारा असतो, ट्रॅफिकमधे थांबली की संपलं. पण नियम असा केला की पाळणं अशक्यच, मग कोणी पाळायचा प्रयत्न पण करत नाही.

खाण्याचं पण तसंच. नियम म्हणतो निघण्याआधी खायला द्या, क्रेटमधेही ठेवा. धंद्यात उलट, लिफ्टिंगच्या काही तास आधी खाद्य बंद करतात, नाहीतर वरच्या क्रेटची विष्ठा खालच्यांच्या अंगावर आणि कापताना आतडं फुटून घाण. युरोपचा 2005 चा नियम (2007 पासून लागू) यात जास्त व्यवहारी वाटतो मला, प्रवास 12 तासांच्या आत असेल तर खाणंपाणी न देता चालतं, अंड्यातून निघालेल्या पिल्लांना 24 तास, पण 72 तासांचं वय व्हायच्या आत पोचली पाहिजेत. हे पिल्लांचं जमतं कारण पोटात बलक शिल्लक असतो. इंग्लंडमधे शिकारीसाठी फेझंट आणि तितर पाळून सोडतात, त्यांची पिल्लं फ्रान्सहून वगैरे याच हिशोबावर येत आलीत.

आता जागा. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून गाड्या धुणं, फवारणी, दाखले यावर सगळ्यांचं लक्ष गेलं, पण ते रोगासाठी, पक्ष्याच्या सोयीसाठी नाही. मग 2015 मधे मोटार वाहन नियमांत 125ई नावाचं कलम आलं, 1 जानेवारी 2016 पासून जनावरांच्या गाडीत प्रत्येकाला कायमचा वेगळा कप्पा. गायीला 2 चौरस मीटर, शेळीला 0.3, आणि पोल्ट्रीला 40 चौरस सेंटीमीटर. चाळीस! तुमचं एटीएम कार्ड 46 भरतं. युरोपात दोन किलोच्या कोंबडीला साधारण 320 धरतात आणि एका दिवसाच्या पिल्लाला 21 ते 25. म्हणजे आपला आकडा फार तर पिल्लाला पुरेल. बरं प्रत्येक कोंबडीला वेगळा कप्पा करणार कोण? मला तर वाटतं गाय-म्हशीचा मसुदा तयार होता, शेवटी कोणीतरी म्हटलं अरे पोल्ट्री पण टाका, आणि टाकली.

हां, मित्राचा प्रश्न राहिलाच. 2001 च्या नियमात पोल्ट्रीची व्याख्या आहे त्यात लाव्ह्याचं नाव चक्क लिहिलंय. पण खाली क्रेटच्या मापांचा तक्ता आहे त्यात लाव्ह्याची ओळ नाही. एक महिन्याची कोंबडी, तीन महिन्यांची, मोठे पक्षी, हंस-टर्कीवाले प्रकार, पिल्लं, संपलं. मग पूर्ण वाढलेला लाव्हा ‘मोठे पक्षी’ मधे धरायचा, म्हणजे 45 सेंटीमीटर उंचीच्या क्रेटमधे बारा. दोनशे ग्रॅमचे बारा लाव्हे! आणि उंची तर उलट घातक, कारण लाव्हा दचकला की सरळ वर उडी मारतो आणि डोकं छताला फोडून घेतो, म्हणून त्याला क्रेट बुटकाच लागतो, हे पाळणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात शिकतो.

मित्राला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला बरं म्हणजे बारा का. आणि मग नेहमीसारखे पहाटे चारला बुटके क्रेट भरून, वर ओलं गोणपाट टाकून निघाला, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत हडपसर गाठायचं म्हणून.