कम्पॅशन आणि वर्ल्ड व्हिजन: दरमहाचे पैसे मुलाला जातात की मुलाच्या गावाला?

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत चर्चमध्ये किंवा ख्रिस्ती संगीताच्या कार्यक्रमांत अनेकदा एक टेबल मांडलेले असते आणि त्यावर मुलांचे फोटो असलेली पाकिटे ठेवलेली असतात. पाकिटावर मुलाचे नाव, वय व देश दिलेला असतो आणि दरमहा ठरावीक रक्कम देऊन या मुलाचे प्रायोजक व्हा, असे आवाहन असते. हे आवाहन ज्या संस्थांकडून येते, त्यांत कम्पॅशन इंटरनॅशनल आणि वर्ल्ड व्हिजन ही दोन नावे सर्वांत मोठी आहेत. दोन्ही संस्था ख्रिस्ती आहेत, दोन्हींचा जन्म अमेरिकेतला आहे, दोन्हींची मासिक रक्कम अमेरिकेत बराच काळ ४० डॉलरच्या आसपास राहिली आहे आणि दोन्ही संस्था प्रायोजकाला मुलाचा फोटो व पत्रे पाठवतात. त्यामुळे देणाऱ्यांची, आणि त्यांच्याविषयी वाचणाऱ्यांचीही, एक नाव सोडून दुसरे घेतले तरी काही बिघडत नाही अशी समजूत होते. ही समजूत दूर व्हायला हवी, कारण पैसा पुढे कोणत्या वाटेने जातो हे पाहिले तर या दोन व्यवस्था एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत.

घोटाळ्याचे एक कारण इतिहासातच आहे. वर्ल्ड व्हिजनचे संस्थापक बॉब पिअर्स १९४७ मध्ये चीनमध्ये प्रवचने देत होते. तेथे एका मिशनरी शिक्षिकेने घरातून हाकललेली एक मुलगी त्यांच्यापुढे उभी केली. त्यांनी खिशातले पाच डॉलर दिले आणि पुढे दरमहा तेवढेच पाठवण्याचे कबूल केले, अशी हकीकत संस्था स्वतः सांगते. १९५० मध्ये संस्था स्थापन झाली आणि १९५३ मध्ये तिने कोरियन युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी प्रायोजकत्वाची योजना सुरू केली. कम्पॅशनची सुरुवातही त्याच युद्धातली आहे. एव्हरेट स्वॉन्सन हे अमेरिकन धर्मोपदेशक १९५२ मध्ये सैनिकांना प्रवचने देण्यासाठी दक्षिण कोरियात गेले होते. रस्त्यांवरची निराधार मुले पाहून ते परतले आणि त्यांनी पैसा उभा करायला सुरुवात केली. दोन्ही ठिकाणी आरंभीची रीत एकच होती: परदेशातला एक दाता, अनाथालयातले एक मूल आणि दरमहाची रक्कम. पुढे कम्पॅशनने ही रीत बदलत्या परिस्थितीला जुळवून घेत टिकवली, तर वर्ल्ड व्हिजनने ती मुळापासून बदलली.

कम्पॅशनचे काम स्थानिक चर्चच्या माध्यमातूनच चालते. केनिया, युगांडा, फिलिपिन्स, ग्वातेमाला अशा देशांत ही संस्था स्वतःच्या शाळा किंवा दवाखाने उघडत नाही. ती वस्तीतल्या एखाद्या चर्चशी करार करते आणि त्या चर्चच्या जागेत मुलांचे केंद्र सुरू होते. कोणती मुले घ्यायची हे तेथील पाळक आणि कार्यकर्ते संस्थेच्या निकषांवर ठरवतात. नोंदणी झालेले मूल नियमित शाळेत जातेच, शिवाय आठवड्यातले काही तास या केंद्रात घालवते. तेथे अभ्यासाला मदत मिळते, जेवण किंवा खाऊ मिळतो, वैद्यकीय तपासणी होते, आणि बायबलचे शिक्षणही दिले जाते. शाळेची फी, गणवेश, औषधोपचार यांवरचा खर्च त्या त्या नोंदलेल्या मुलासाठी होतो. मूल मोठे होईपर्यंत, म्हणजे कित्येकदा दहा-बारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ, हा संबंध चालू राहू शकतो. येथे प्रायोजक, मूल आणि पैसा यांची साखळी बरीच सरळ आहे.

वर्ल्ड व्हिजनच्या व्यवस्थेत फोटो एका मुलाचाच असतो, पण पैसा त्या मुलाच्या नावाने वेगळा ठेवला जात नाही. एका भागातील सर्व प्रायोजकांच्या रकमा एकत्र होतात आणि त्यातून त्या संपूर्ण परिसराचा कार्यक्रम चालतो. पिण्याच्या पाण्याची सोय, शेतीला मदत, लसीकरणाचा प्रचार, शाळेच्या इमारतीची दुरुस्ती, महिलांचे बचत गट अशी कामे त्यात येतात आणि एका परिसरात ती साधारण दहा ते पंधरा वर्षे चालवून नंतर स्थानिकांच्या हाती सोपवायची असतात. फोटोतल्या मुलाला या सगळ्याचा लाभ मिळतो, परंतु शेजारच्या, फोटो न काढलेल्या मुलालाही तोच मिळतो. संस्थेने हा बदल एका दिवसात केला नाही. एकेका मुलाला दिलेली मदत त्याच्या घरातले दूषित पाणी बदलू शकत नाही, या अनुभवातून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती इकडे वळली.

दोन्ही पद्धतींच्या मागे खरी नैतिक अडचण आहे, आणि ती झाकली जाऊ नये असे मला कळकळीने वाटते. मुलाशी जोडलेल्या मदतीत एकाच घरातल्या भावंडांपैकी एकाला वह्या-पुस्तके मिळतात आणि दुसरे पाहत राहते. मर्यादित पैशात निवड करावीच लागते, हे खरे असले तरी त्या दुसऱ्या मुलाचे दुःख त्याने कमी होत नाही. परिसराशी जोडलेल्या मदतीत हा भेद बराच कमी होतो, पण तेथे दुसरा प्रश्न उभा राहतो: आपले पैसे फोटोतल्या मुलीच्या हाती जातात, असे जर दाता समजत असेल, तर त्याच्या मनातले चित्र वस्तुस्थितीशी जुळत नाही. संस्था आपल्या माहितीपत्रकांत पद्धत समजावून सांगते, तरीही छायाचित्राचा प्रभाव मजकुराहून अधिक असतो. ही जबाबदारी संस्थेची अधिक आहे, वाचणाऱ्याची कमी. दुर्लक्ष झाले तर काय घडते याचे एक उदाहरण १९९८ चे आहे. त्या वर्षी ‘शिकागो ट्रिब्यून’ने चार वेगळ्या प्रायोजकत्व संस्थांचा शोध घेतला, त्या चारांत कम्पॅशन आणि वर्ल्ड व्हिजन नव्हत्या. मालीमधील एक मुलगी वीज पडून मरण पावली होती, आणि तरीही तिच्या नावाने प्रायोजकाकडून पैसे घेणे चालू राहिले होते, असे त्या शोधात आढळले.

परिणामांच्या बाबतीत मात्र दोन्ही संस्थांना एकाच मापाने मोजण्याची चूक वारंवार होते. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेव्ह आणि लेन रटलेज या संशोधकांनी बोलिव्हिया, ग्वातेमाला, भारत, केनिया, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतील १०,००० हून अधिक व्यक्तींची माहिती तपासली आणि त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त प्रसिद्ध झाला. योजना गावात आली तेव्हा वयाच्या अटीत बसलेली मुले आणि थोड्या फरकाने बाहेर राहिलेली त्यांची मोठी भावंडे यांची तुलना त्यांनी केली. प्रायोजकत्व मिळालेल्यांचे शालेय शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने अधिक झाले होते आणि मोठेपणी त्यांना नोकरी, तीही अधिक चांगली, मिळण्याची शक्यता वाढली होती. त्यामागे मुलांच्या वाढलेल्या आकांक्षांचाही काही वाटा असावा असे संशोधकांना दिसले, आणि पुढे जकार्तातील झोपडवस्त्यांमधील मुलांनी काढलेल्या स्वतःच्या चित्रांवरून त्यांनी हाच धागा अधिक तपासला. मुलाच्या मनात आपणही काही होऊ शकतो ही आशा रुजणे मोजता येते, हे मला या संशोधनातले सर्वांत मोलाचे वाटते. परंतु हा सहा देशांचा अभ्यास कम्पॅशनच्या कार्यक्रमाचा आहे. ‘प्रायोजकत्व उपयोगी ठरते हे सिद्ध झाले आहे’ असे म्हणून तो वर्ल्ड व्हिजनच्या किंवा इतर कोणाच्या पद्धतीला जोडता येत नाही. विहीर, आरोग्यसेवा आणि बचत गट यांचे परिणाम वेगळ्या रीतीने, संपूर्ण गावावर मोजावे लागतात.

धर्माच्या प्रश्नावरही अंतर आहे. कम्पॅशनमध्ये मुलाने ख्रिस्ती असावे किंवा व्हावे अशी अट नाही, परंतु येशूच्या नावाने मुलांना गरिबीतून मुक्त करणे हे संस्थेचे जाहीर ब्रीद आहे आणि केंद्र चर्चमध्येच असल्यामुळे शुभवर्तमानाचे शिक्षण हा कार्यक्रमाचा भाग असतो. वर्ल्ड व्हिजनही आपली ख्रिस्ती ओळख लपवत नाही, पण मदतीला धर्मप्रसाराची जोड न देण्याचे तिचे धोरण आहे. मुस्लीमबहुल देशांतही ती काम करते आणि सरकारी अनुदाने मोठ्या प्रमाणावर घेते, ज्यांचा वापर धार्मिक कामासाठी करता येत नाही. महाराष्ट्राला हा प्रश्न जुनाच आहे. पंडिता रमाबाईंच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. सदनात धार्मिक तटस्थता पाळली जाईल असा भरवसा होता. मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडत असल्याच्या वादातून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मदत घेणाऱ्या घराला अटी आधीच स्पष्ट माहीत असणे किती आवश्यक आहे, हे त्या प्रकरणाने तेव्हाच दाखवले होते.

याच प्रश्नामुळे कम्पॅशनचे भारतातील काम संपले. ही संस्था १९६८ पासून येथे पैसा पाठवत होती. तिच्या निधीतून धर्मांतराला चालना मिळते असा आक्षेप सरकारच्या बाजूने घेतला गेला. संस्थेने तो नाकारला. २०१६ मध्ये गृह मंत्रालयाने तिला पूर्वपरवानगीच्या यादीत टाकले, म्हणजे तिने पाठवलेली रक्कम मंत्रालयाच्या मंजुरीशिवाय कोणत्याही भारतीय संस्थेच्या खात्यात जमा होईना, आणि मार्च २०१७ मध्ये काम बंद झाले. त्या वेळी सुमारे १ लाख ४५ हजार मुले नोंदलेली होती. मुलाशी जोडलेल्या व्यवस्थेची कमकुवत बाजू येथे उघडी पडली: पैसा थांबताच केंद्र, जेवण, तपासणी आणि पत्रे हे सर्व त्या मुलासाठी एकाच वेळी थांबले, तर खोदलेली विहीर किंवा उभा राहिलेला बचत गट संस्था गेल्यावरही मागे राहू शकतो. वर्ल्ड व्हिजन इंडियाची परदेशी निधी घेण्याची नोंदणीही जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. ही नोंदणी ज्या कायद्याखाली होते, त्या परदेशी देणग्यांच्या कायद्याचा (एफसीआरए) संबंध परदेशातून येणाऱ्या पैशाशी आहे, देशातल्या दात्यांनी दिलेल्या पैशाशी नाही. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या एखाद्या मराठी दात्याला यांपैकी कोणत्याही संस्थेमार्फत भारतातील मुलाला मदत करायची असेल, तर पैसे देण्यापूर्वी तिची नोंदणी त्या दिवशी कोणत्या स्थितीत आहे हे गृह मंत्रालयाच्या यादीत पाहावे लागते.