बस जुनी होते, 'विंटेज' होत नाही

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुन्या बसगाड्यांचं संग्रहालय असावं असा विषय निघाला की बोलणं हमखास ठाण्याला पहिली रेल्वे आली त्या १६ एप्रिल १८५३ वर जातं. ते इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे, तेव्हा ते सोडू. बसचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा, तरी त्यातलं दाखवण्याजोगं फारसं हाताला लागत नाही. बसवेडे इथेही भरपूर आहेत. घोडं अडलंय ते कागदावर.

शेजारच्या मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला धावली, ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली आणि १९८४ मध्ये कुर्ला आगारात जुनी तिकिटं, यंत्रं, प्रतिकृती यांचं छोटं संग्रहालय उभं राहिलं. पुढे ते आणिक आगारात गेलं. त्याच १९८४ मध्ये खाडीच्या अलीकडे नेमकं उलट घडलं. नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाने काढलेली बस कंपनी बंद पडली. तिच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं चघळला गेला, गाड्यांची आठवण कोण काढणार? मग महापालिकेची स्वतःची सेवा यायला २३ जानेवारी १९९६ उजाडला. ठाण्यातही ९ फेब्रुवारी १९८९ ला पालिकेच्या बस सुरू होईपर्यंत शहरातली वाहतूक लाल एसटीच्याच भरवशावर होती. म्हणजे दोन्ही शहरांच्या 'स्वतःच्या' बसचं वय चाळिशीच्या आत.

आता मूळ घोळाकडे. गाडी भंगारात काढण्याला सरकारी मराठीत 'निर्लेखन' म्हणतात. आगारात कुणी तो शब्द वापरत नाही, 'स्क्रॅपला गेली' एवढंच. पण शब्द नेमका आहे : नोंदवहीतून नाव काढून टाकणं. पूर्वी निर्लेखित गाडी लिलावात जायची आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलं तर एखादी गाडी बाजूला काढायला निदान वाव होता. जानेवारी २०२३ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तोही आवळला. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, पालिकांच्या आणि परिवहन उपक्रमांच्या गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांपुढे चालत नाही आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातूनच लावायची. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना. संग्रहालयाचा त्यात उल्लेखही नाही. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हटायलाच हव्यात, पण चाकाखाली विटा लावून उभ्या केलेल्या गाडीने कुणाची हवा बिघडणार होती?

यावर 'मग विंटेजमध्ये नोंदवा' असं उत्तर मिळतं. विंटेज वाहनांचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. वाचायला छान. पण हे नियम दुचाकींना आणि चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या मोटारींना. बस त्यात बसतच नाही. बरं, बसली असती तरी ठाण्याची १९८९ ची गाडी २०३९ मध्ये पात्र ठरली असती आणि नियमाप्रमाणे तिला पंधराव्या वर्षीच निरोप. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची?

शिवाय बसचं 'मूळ रूप' म्हणजे काय, हे आगारातल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा. चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा खालचा सांगाडा, एका कंपनीची, बॉडी दुसरीकडे बांधलेली. एसटी तर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत बॉडी बांधत आली. अलीकडे जुन्या चासीवरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून लोखंडी चढवण्याचं कामही तिथेच झालं. अशी गाडी जुनी की नवी? मला विचाराल तर चासी जुनी, आठवण नवी. संग्रहालयाला ते चालावं, नियमाला चालणार नाही.

राहतात त्या सुट्या वस्तू. आमच्या माळ्यावर घरातल्या एका निवृत्त कंडक्टरची तिकिटांची पेटी आहे. पत्र्याची, कडा हाताने गुळगुळीत झालेली. आत दराप्रमाणे खण, प्रत्येक खणात तिकिटांचा गठ्ठा दाबून धरणारी पट्टी. सोबत पंच. तिकिटाला भोक पाडताना येणारा त्याचा टक् आवाज आणि रिकाम्या हाताने तो वाजवत 'बोला, तिकीट' म्हणत गर्दीतून पुढे सरकणं. इलेक्ट्रॉनिक मशीन आल्यावर पेट्या जमा करायला सांगितलं होतं. ही कशी राहिली ते घरात कुणी विचारत नाही.

मुंबईत सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या धाटणीची शेवटची डबलडेकर सेवेतून निघाली, तेव्हा दोन तरी संग्रहालयासाठी ठेवा अशी मागणी झाली. ती करता आली, कारण गाड्या 'बेस्ट' उपक्रमाच्या मालकीच्या होत्या. आज ठाण्यात घोडबंदर रोडवर दिसणाऱ्या नव्या विजेच्या बस ठेकेदाराच्या. पालिका त्यांना किलोमीटरमागे पैसे मोजते. करार संपला की गाडी त्याची तो घेऊन जाणार.