ओहोटीचं पाणी आणि पायथनचं व्हील

आमच्या शेजारची मुलगी चिपळूणला बी.एस्सी. करते. दिवाळीच्या सुट्टीत तिने धोपाव्याच्या जेट्टीवर खुणा केलेली काठी बांधली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने खाडीचं पाणी मोजलं. आकड्यांवर वक्र बसवून दोन भरतींमधलं अंतर काढायचं होतं. आजोबा म्हणाले, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळते. (हिशोब खोटा नाही. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं मागे पडतो, आजोबा पाऊण तास म्हणजे ४५ धरतात.)

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत गणिती आकडेमोडीसाठी सायपाय नावाचं पॅकेज आहे, आणि पॅकेजं आणून बसवायला पिप नावाचं अवजार. तिने ‘पिप इन्स्टॉल सायपाय’ दिलं आणि पडदाभर लाल अक्षरं आली. शेवटी तक्रार अशी की फोर्ट्रान कंपायलर सापडत नाही. ती माझ्याकडे आली. “काका, मी पायथन लिहितेय. हे फोर्ट्रान मध्येच कुठून आलं?”

आलं ते पोटातून. पायथन हा वरचा मुलामा. वक्र बसवण्याची खरी आकडेमोड करणारा मिनपॅकसारखा संच १९८० चा आणि फोर्ट्रान या जुन्या भाषेतला. सायपायच्या कित्येक आवृत्त्यांनी तो तसाच वापरला. असा कोड आधी यंत्रभाषेत उतरवावा लागतो, आणि ते कंपायलर करतो. ते काम आपल्या लॅपटॉपवर होऊ नये म्हणून तयार माल मिळतो, त्याला ‘व्हील’ म्हणतात. व्हील म्हणजे साधी झिप फाईल. तिच्या नावातच लिहिलेलं असतं, कोणता पायथन, कोणती प्रणाली, कोणता प्रोसेसर. जुळणारं व्हील सापडलं नाही तर पिप मूळ कोड उतरवून घेतो आणि घरीच शिजवायला बसतो.

पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. कॉलेजातल्या कुणी ‘लेटेस्टच टाक’ म्हणून सांगितलं होतं. त्या नव्या आवृत्तीसाठीचं व्हील अजून बनलंच नव्हतं. मग तीनदा काढून तीनदा टाकणं, लॅपटॉप फॉरमॅट करणं हे उपाय झाले. संगणकाला असं गाऱ्हाणं घालून तो ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नाही. वर्षभर जुना पायथन घेतला आणि मिनिटात काम झालं.

ते व्हील आम्ही उघडून पाहिलं. आत ‘सायपाय डॉट लिब्ज’ नावाचा फोल्डर आणि त्यात फोर्ट्रानची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना लागणारा तयार कोड, तोसुद्धा! नावाला आठ अक्षरांचं शेपूट, म्हणजे दुसऱ्या पॅकेजने आणलेल्या त्याच नावाच्या लायब्ररीशी गल्लत नको. हे सगळं ऑडिटव्हील नावाचं अवजार करतं. चाकरमानी कोकम, मसाला, सुकट बांधून मुंबईला नेतो, त्यातलीच गत. घरची विहीर मात्र नेता येत नाही. इथली विहीर म्हणजे जीलिबसी, लिनक्स या प्रणालीवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी. ती जाऊ तिथलीच वापरावी लागते, आणि खरी गंमत तिथे आहे.

जीलिबसीत मेमकॉपी नावाचं काम आहे, स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवण्याचं. अट एकच, दोन्ही जागा एकमेकींवर येता कामा नयेत. फळ्यावरची ओळ एक घर डावीकडे उतरवायची असेल तर डाव्या टोकापासून सुरू केलं की निभतं. उजवीकडून केलं तर शेवटचं अक्षर अलीकडच्यावर चढतं आणि ओळभर तेच एक अक्षर होतं. जुनं मेमकॉपी डावीकडून चालायचं, म्हणून अट मोडणारे प्रोग्राम वर्षानुवर्षं खपून गेले. २०१० मध्ये वेगासाठी काही प्रोसेसरांवर ते उजवीकडून चालवायला लागले, आणि लिनक्सवर ब्राउझरमधले व्हिडिओ चालवणाऱ्या फ्लॅशचा आवाज खरखरू लागला.

२०११ च्या जीलिबसी २.१४ मध्ये तोड काढली. नव्या मेमकॉपीवर २.१४ ची, म्हणजे आवृत्तीच्या आकड्याची, चिठ्ठी लावली. जुनं २.२.५ च्या चिठ्ठीखाली, एकावर एक जागा आल्या तरी न बिघडणारं असं ठेवलं. दोन्ही एकाच लायब्ररीत नांदतात. प्रोग्राम ज्या यंत्रावर बांधाल तिथली ताजी चिठ्ठी त्याच्यावर चिकटते. म्हणजे जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर गेला तर त्याची जुनी चिठ्ठी तिथे असतेच. नवा प्रोग्राम जुन्या यंत्रावर गेला तर हवी ती चिठ्ठी नाही, आणि तो सुरूच होत नाही.

म्हणून व्हील बांधणारे मुद्दाम जुनाट यंत्रणेत बसतात. पुष्कळशा लिनक्सांवर चालणाऱ्या व्हीलला ‘मेनीलिनक्स’ म्हणतात. २०१६ मध्ये त्याची पहिली व्याख्या झाली, ती २००७ च्या सेंटओएस ५ या लिनक्सवर आणि जीलिबसी २.५ वर. नंतरच्यांपैकी मेनीलिनक्स २०१४ ही सेंटओएस ७ वर, म्हणजे जीलिबसी २.१७ वर. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ऐन ओहोटीला जी होडी त्यावरून पार होते ती भरतीला होतेच, उलट धरवत नाही. ‘आमचं सॉफ्टवेअर सगळीकडे चालतं’ अशी जाहिरात दिसली की मी आधी विचारतो, कोणत्या पाण्यावर बांधलंय?

तिला ‘एलडीडी’ ही आज्ञा देऊन जीलिबसीची आवृत्ती विचारायला लावली. तिच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स होतं, उत्तर २.३५ आलं. व्हीलच्या नावात २.१७ लिहिलेलं. पाणी भरपूर होतं. वक्राने दोन भरतींमध्ये १२ तास २५ मिनिटांच्या आसपास अंतर दाखवलं, आणि ती आजोबांना त्यांच्या पाऊणपटीतली पाच मिनिटं दाखवायला गेली.